काळ्या हंसाची डुलकी

बेटावरच्या स्मिथटन गावाच्या आसपासच्या गोठ्यांमधून दूध गोळा करणारा टँकर ऑब्री स्पॉल्डिंग चालवत असे. टाकीचं झाकण उघडायचं, वाकून दुधाचा वास घ्यायचा, नळी जोडायची आणि पुढच्या गोठ्याकडे निघायचं. दिवसभर बोलायला कुणी नाही. बायको गेल्यापासून घरीही तेच. शुक्रवारी दुपारी बोलिंग क्लबातलं खिडकीजवळचं टेबल, तेवढाच त्याचा माणसांमधला वेळ. त्या टेबलावरही तो फारसं बोलत नसे, पण बसलेला असे.

टेबलावर चौघं. माशांचं दुकान चालवणारी बेव्ह पिट, शाळेची बस सोडून घरी बसलेला नॉर्म, गाईंचा मोठा कळप असलेला गस टॉफ्ट आणि ऑब्री. हे चौघं फोनवर युद्धाचा एक खेळ खेळत. प्रत्येकाकडे एक देश. समोर जगभरातले अनोळखी लोक, खोट्या नावांचे. खेळ मुद्दाम संथ होता. एका बंदरातून सुटलेलं जहाज दुसऱ्या बंदरात पोचायला खरोखरीचा दिवस जाई. शुक्रवारी टेबलावर बेत ठरायचा आणि मग ज्याने त्याने घरी जाऊन आरमार हलवायचं.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र ठरलेला प्रत्येक बेत फसत होता. ‘काळा हंस’ नावाचा एक गडी विरुद्ध बाजूला होता. बेव्हचं आरमार जिथे जाईल तिथे तो आधीच टपून बसलेला. नॉर्मने डोंगराआडून सैन्य नेलं तर डोंगराआड हंस हजर.

एका शुक्रवारी बेव्हने बिअरचा पेला बाजूला सारला.

“हा हंस आपल्यातलाच आहे,” ती म्हणाली. “आपण इथे बसतो ना, तेवढा वेळ तो कधीच हलत नाही. मी चार-पाच शुक्रवार पाहते आहे. का हलत नाही? कारण तो इथे आपल्या समोर चिप्स खात बसलेला असतो!”

नॉर्मने तोंडात घातलेली चिप तशीच राहिली.

“दोन नावांनी खेळेल त्याला टेबल बंद, हा आपला नियम,” गस म्हणाला. “माझी तर निम्मी जहाजं बुडाली. मी स्वतःचीच बुडवीन होय?”

“तुझं सोड रे. हंसाने आजवर कुणाला चोच मारली नाही?” बेव्हने मान वळवली. “ऑब्री, तुझ्या देशाला कधी ओरखडासुद्धा नाही. काय लाडका आहेस का त्याचा?”

ऑब्रीने चिप्सच्या बशीत हात घातला. कान मात्र तापले. गप्प माणसाचे कान लाल झाले की लोकांना कबुलीच वाटते.

“एवढी घाई नको,” नॉर्म पुटपुटला.

“पुढचे तीन शुक्रवार देते,” बेव्ह म्हणाली. “तोवर हंस कोण ते सांग, नाहीतर तुझी खुर्ची उचलू. वाईट वाटून घेऊ नकोस हं.”

वाईट कसं वाटणार नाही? घरी जाताना ऑब्रीला एकेकाचा संशय येऊ लागला. बेव्ह एवढ्या मोठ्याने का ओरडते? नॉर्म तिच्या बाजूने का बोलला नाही? जहाजं बुडाल्याचं गस हसत हसत का सांगतो? दुधात किंचितही वेगळा वास आला की त्याच्या नाकाला लगेच कळे, पण माणसांच्या बाबतीत ते नाक कधी चाललं नव्हतं.

मग त्याने हंसाच्या चुका शोधायला घेतल्या. हंसाचा एकेक डाव तो मागे जाऊन पाही. चूक अशी सापडेच ना. अखेर त्याने एक फुटकळ, बिननिशाणाची गस्तीची बोट हंसाच्या बंदरासमोरून न्यायला सुरुवात केली, कधी सकाळी, कधी दुपारी, जेवणाच्या वेळी. बोट दिसली की हंस ती बुडवी. ऑब्री दुसरी पाठवी. पण पहाटे आणि पुन्हा दुपारी उशिरा बोट बंदराच्या तोंडावरून आरामात निघून जाई. तोफ हलत नसे. आणि हे फक्त शुक्रवारी नव्हतं, रोजचं होतं.

आमिष असेल, हे त्याच्या मनात पहिलं आलं. दार उघडं ठेवायचं आणि पाहुणा आत आला की कडी घालायची. म्हणून त्याने हल्ला केला नाही, नुसती बोट पाठवत राहिला.

त्यातच ऑक्टोबर आला आणि दरवर्षीप्रमाणे उन्हाळ्यासाठी बेटावरची सगळी घड्याळं सरकारी नियमाने तासभर पुढे झाली. नोकरदार माणूस त्या दिवसापासून नव्या घड्याळाने उठतो. हंस उठला नाही. त्याची दुपारची डुलकी नव्या घड्याळात एकदम तासभर उशिरावर गेली आणि मग रोज थोडीथोडी मागे सरकू लागली. शुक्रवार येईपर्यंत ती जवळजवळ जागेवर आली होती. फक्त शुक्रवारी पाहणाऱ्या बेव्हला त्यात काही वावगं दिसलंच नाही.

ऑब्री टँकरमध्ये बसल्या बसल्या चमकला. तो जायचा त्या प्रत्येक गोठ्यात हेच चाललं होतं. गाईंना सरकारचं घड्याळ कळत नाही. एकदम तासभर आधी धार काढायला गेलं तर त्या पान्हा चोरतात. म्हणून सगळे गोठेवाले रोज थोडं थोडं अलीकडे सरकतात. हंस धार काढत होता.

टेबलावरच्या चौघांत गाई होत्या एकट्या गसच्या. पण गस तर त्याच वेळी क्लबात चिप्स खात असतो. मग त्याच्या गाईंची धार कोण काढतं?

दुसऱ्या दिवशी टॉफ्टांच्या टाकीला नळी जोडताना ऑब्रीने शेडमध्ये डोकावून पाहिलं. गसची बायको आयोना रबरी बूट घालून फरशी धूत होती. गसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन्ही वेळचं काम तिच्याकडे होतं, हे ऑब्री कितीतरी महिने पाहत आला होता, फक्त त्याने ते कधी हंसाशी जोडलं नव्हतं.

“दुधाला वास येतोय का?” तिने विचारलं.

“दुधाला नाही,” तो म्हणाला. नजर मात्र बुटांकडेच. “काळ्या हंसाला येतोय.”

आयोनाने पाण्याचा नळ बंद केला. मग तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. हा खडा टाकून पाहतोय की खरंच कळलंय, ते जोखत असावी.

“कशावरून?”

“घड्याळावरून.”

“हं.” तिने हात एप्रनला पुसले. “गस घरी येतो आणि तुमचे सगळे बेत मला ओरडून सांगतो. मीही खेळते म्हटलं, तर म्हणाला, टेबलाला खुर्च्या चारच. म्हटलं, बरं. मग समोरच्या बाजूने बसते.”

“आणि माझ्या वाट्याला का गेली नाहीस? त्यापायी माझी खुर्ची चाललीय.”

“बेव्ह घाई करते. नॉर्म डोंगर दिसला की त्याच्या आडूनच येतो. गसचं तर विचारूच नकोस. त्यांच्या चुका मला पाठ आहेत. तुझी अजून सापडली नव्हती.” मग ती म्हणाली, “ती रोजची बोट तुझी? मला वाटलं, कुणी येडा आहे.”

“सांगू का त्यांना?”

“सांग की. पण माझ्यामागे नको. मी समोर असताना सांग.”

शेवटच्या शुक्रवारी बेव्हने पेला ठेवायच्या आधीच विचारलं, “मग? सापडला का हंस?”

“गस, गुडघा कसा आहे रे आता?” ऑब्री म्हणाला.

“झकास! मध्ये नाचलोसुद्धा.” गस फुशारला.

“मग आज धार काढायला तू जा. गाई खोळंबल्यात. आयोना बाहेर माझ्या गाडीत बसलीय. तिला तुझी खुर्ची हवीय. हंस तीच आहे.”

गस हसला. मग कुणीच हसत नाही हे पाहून त्याने दाराकडे पाहिलं. आयोना आत येत होती, धुतलेल्या बुटांनी.

“घरी ओरडून सांगतोस ना सगळं?” बेव्ह गसला म्हणाली. “ऊठ बाबा. गाईंनी तुझं काय वाकडं केलंय?”

गस पुटपुटत निघून गेला. बेव्हने चिप्सची बशी ऑब्रीपुढे सरकवली. माफी वगैरे तिने मागितली नाही, तिच्या स्वभावात नव्हतं ते. आयोना गसच्या गरम खुर्चीत बसली, फोन काढला आणि चष्मा पुसू लागली.

ऑब्रीने सवयीने आपला नकाशा उघडला. डाव संपायचा होता, तोवर हंस समोरच्याच बाजूला. आणि आज, धारेची वेळ असूनही हंस जागा असताना, त्याचं उत्तरेकडचं बंदर सताड उघडं होतं. एकही जहाज नाही. पाहुण्यासाठी दार उघडं ठेवावं तसं.

त्याने हळूच वर पाहिलं. आयोना चष्मा पुसतच होती. बराच वेळ.

ऑब्रीने फोन पालथा ठेवला आणि एक चिप घेतली.