हेल्मेटात कोलंबी मागतो मेला!

आज पनवेलच्या मासळी बाजारात, माझ्या पाटीसमोर, माझा डोका फिरला म्हणून लिहिते.

सकाळी एक जण बाईकवरून आला, मागं पोटुशी बायको. कोलंबी घेतली आणि हेल्मेट उलटा करून माझ्यापुढं धरला. "आजी, पिशवी नाही. यातच टाका."

"मग डोक्यावर काय, कोलंबी घालशील?"

"अहो, इथंच नेऱ्याला तर जायचंय!"

"माझा नातू बी इथंच कोन गावाला चाललेला. आता मी त्याला चमच्यानं भरवते."

माझी पिशवी दिली, पण त्यानं हेल्मेट घालून पट्टा लावल्यावरच. मेल्यानं पुढच्या वळणावर काढून आरशाला टांगला! बायको मागं गपचूप बसलेली.

नातू उघड्या डोक्यानं निघाला तवा मी बी अशीच गप होते. बायांनो, तुमी कशाला गप बसता?