रेडिओवरचा नवरा

माझा नवरा डच शिकला तो गाडीत. आइंडहोवनजवळच्या एका खेड्यात आम्ही घर घेतलं आणि त्याचा रोजचा सकाळचा तास-दीड तास हायवेवरच्या ट्रॅफिकमध्ये जायला लागला. ऑफिस इंग्रजीवर चालत होतं, पण नागरिकत्वासाठी भाषेची परीक्षा होती आणि क्लासला जायला त्याला वेळ नव्हता. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, गप्पांचा रेडिओ लाव, कान तयार होतो.

त्याचा कान खरंच तयार झाला. त्या कार्यक्रमात रोज एक विधान असायचं आणि ते पटतं की नाही हे सांगायला लोक फोन करायचे. निर्वासितांना घरं द्यावीत का, शाळेत डोक्याला रुमाल बांधलेली मुसलमान शिक्षिका चालेल का, असली विधानं. बाकीची माणसं नव्या भाषेत आधी भाजीपाला शिकतात, नातीगोती शिकतात. हा आधी 'आमच्या पैशांवर' शिकला. मग 'हे आता पुरे झालं', मग 'कुणी खरं बोलायलाच तयार नाही'. बाथरूमचा नळ गळतोय हे प्लंबरला सांगायला तो मला पुढे करायचा. सीमा बंद करण्याबद्दल मात्र न अडखळता बोलायचा.

पहिल्यांदा त्याने फोन केला तेव्हा मला त्याची काही कल्पना नव्हती. मी पुण्यात दातांची डॉक्टर होते. इथे पुन्हा परीक्षा देऊन नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी वरच्या दर्जाचं डच लागतं. मी ते जेवणाच्या टेबलाशी बसून, व्याकरणाची पुस्तकं झिजवून शिकले, आणि नोंदणी होईपर्यंत गावातल्याच एका दवाखान्यात असिस्टंट म्हणून लागले. तिथल्या डॉक्टरना हाच रेडिओ आवडायचा. "तोंड उघडं ठेवून पडलेल्या माणसाला निदान ऐकायला तरी काहीतरी हवं," असं ते म्हणायचे.

त्या सकाळी खुर्चीत एक जाडजूड शेतकरी होता. डॉक्टर त्याची दाढ कोरत होते, मी थुंकी ओढायची नळी धरून उभी होते आणि रेडिओतून माझा नवरा बोलायला लागला. त्या दिवशीचं विधान होतं, भाषा न शिकणाऱ्यांना परत पाठवावं.

"मी स्वतः भारतातून आलोय," तो म्हणाला. "आणि मला हे शंभर टक्के पटतं. माझ्या बायकोचंच बघा. इतकी वर्षं झाली, अजून शेजाऱ्यांशी इंग्रजीत बोलते. मी घरात नियम केलाय. डच नाही, तर जेवण नाही."

सूत्रसंचालक खदखदून हसला. "मग उपाशी कोण राहतं? ती की तुम्ही?"

डॉक्टर हसले. तोंडात नळी असलेला शेतकरीही हसला, आणि त्याला ठसका लागला म्हणून मी त्याला उठवून बसवलं, पाणी दिलं आणि स्वच्छ डचमध्ये म्हणाले, "हळूहळू प्या." तो म्हणाला, "हा भारतीय भारी बोलतो. तुमच्यातले सगळे असे असते तर काय हवं होतं!" मी नळी पुन्हा त्याच्या तोंडात घातली, जरा जास्तच आत.

संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं, "शेजाऱ्यांशी इंग्रजीत कोण बोलतं?"

तो लाजला नाही. उलट त्याचा चेहरा उजळला. "तू ऐकलंस? कसं वाटलं?"

"तू खोटं बोललास."

"अगं, उदाहरण होतं ते. मुद्दा महत्त्वाचा. माझी बायको तुमच्यापेक्षा शुद्ध डच बोलते असं सांगितलं असतं तर त्यांनी मला घेतलं असतं का लाइनवर?"

हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. त्यांनी त्याला नसतंच घेतलं.

त्यानंतर ते त्याला वारंवार घ्यायला लागले. सूत्रसंचालक त्याला 'आमचा इंजिनिअर' म्हणायचा. एखाद्या गोऱ्या माणसाने म्हटलं असतं तर तक्रारी आल्या असत्या, असं सगळं ते ह्याच्या तोंडून वदवून घ्यायचे आणि वर म्हणायचे, बघा, त्यांच्यातलाच माणूस सांगतोय. नवऱ्याला ते कौतुक वाटायचं. आमच्याकडे जेवायला आलेल्या, पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका जोडप्याला त्याने वरणभात वाढता वाढता सांगितलं, की देश भरलाय, तुम्ही यायला नको होतं. ती मुलगी गरोदर होती. तिने हातातला घास तसाच ठेवला. ते जोडपं पुन्हा आलं नाही, आणि हळूहळू आमच्याकडे कुणीच येईनासं झालं.

मग सासूबाई आल्या. त्या सांगलीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. सासरे गेल्यानंतरचा त्यांचा पहिलाच लांबचा प्रवास. त्यांना यायचं नव्हतं. नवऱ्यानेच हट्ट करून बोलावलं होतं, तिकीट काढलं होतं, आजारपणाचा विमाही भारतातूनच घेतला होता. आल्यावर आठवड्याभरातच त्या ओल्या पानांवरून घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. प्लास्टर झालं, विम्यातून बिल भागलं. एकदा जेवताना त्यांनी सहज विचारलं, "आपल्याकडची म्हातारी माणसं राहतात का रे इथे कायमची?" नवरा म्हणाला, "कायदा नाही तसा." त्या "बरं" म्हणाल्या आणि तो विषय तिथेच संपला, असं मला वाटलं.

मुलगा रेडिओवर बोलतो याचा त्यांना फार अभिमान होता. त्यांच्या पिढीत रेडिओवर बोलायचं म्हणजे आधी पत्र यायचं, इस्त्रीचे कपडे घालून आकाशवाणीच्या केंद्रावर जायचं. त्यांनी सांगलीला बहिणीला फोन करून कळवलं होतं, इथे त्याला आठवड्यातून दोनदा बोलावतात. काय बोलतो, ते त्यांना ठाऊक नव्हतं. डच कुठलं कळायला!

शाळेला शरद ऋतूची सुट्टी होती, मलाही त्या दिवशी रजा होती. सासूबाईंनी स्वयंपाकघरातला रेडिओ लावला आणि बारा वर्षांच्या नातीला समोर बसवलं. "आज तू मला सांगायचं बाबा काय म्हणतो ते. मराठीत."

माझ्या मुलीला मराठी कळतं, पण ती उत्तर डचमध्ये देते. आजीपुढे तिचा इलाज नव्हता. त्या दिवशीचं विधान होतं परदेशी लोकांच्या म्हाताऱ्या आईवडिलांबद्दल, त्यांनी इथल्या दवाखान्यांवर भार टाकू नये असं काहीतरी. नवरा लाइनवर आला.

"बाबा म्हणतो, माझी आई आत्ता माझ्या घरी आहे," मुलगी म्हणाली.

सासूबाई हसल्या. प्लास्टरमधला हात मांडीवर सावरून त्या पुढे सरकल्या.

"बाबा म्हणतो, ती पडली. हात तुटला. तुमच्या नर्सने... आपल्या पैशावर बरं केलं."

"विम्याचं सांगितलं नाही का?" सासूबाईंनी मला विचारलं.

"आता आई म्हणते, मला इथेच राहायचं आहे. कायम. रोज म्हणते." मुलगी थांबली. माझ्याकडे बघून डचमध्ये म्हणाली, "हे खरं नाहीये ना?"

"तू सांग पुढे," सासूबाई म्हणाल्या.

रेडिओ बंद करायला एक बटण दाबणं पुरेसं होतं. मी ओट्याशी भेंडी चिरत होते आणि चिरतच राहिले. त्यांच्या मुलाने काय शिकून ठेवलंय, ते त्यांना कळावं अशी माझी इच्छा होती. माझ्याबद्दल तो बोलला तेव्हा मी एकटीने ऐकलं होतं.

"बाबा म्हणतो, मी तिला सांगितलं, विमानात बस. मी इंजिनिअर आहे. जुन्या मशीनवर किती खर्च करायचा... त्याला लिमिट असते. मग ते..." तिला शब्द सापडेना. "मग ते फेकायचं."

सूत्रसंचालक म्हणाला, स्वतःच्या आईबद्दल हे बोलायला छाती लागते. तेही मुलीने भाषांतर करून सांगितलं. तिला थांबायला कुणी सांगितलंच नव्हतं.

सासूबाईंनी कार्यक्रम संपेपर्यंत ऐकला. नंतर लागलेल्या जाहिरातीही ऐकल्या. मग चांगल्या हाताने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "मराठी चांगलं आहे गं तुझं."

संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्यांनी त्याला एका हाताने जेवायला वाढलं. "तुझं भाषण ऐकलं. आवाज अगदी स्वच्छ येतो."

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे. "अगं आई, ते रेडिओपुरतं असतं. तिथे असंच बोलावं लागतं."

"असेल. माझं तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ."

"आई, असं काय करतेस?"

"विमानात बस म्हणालास ना? मग बसते."

त्याने दोन दिवस मनधरणी केली, तिसऱ्या दिवशी तिकीट बदललं. प्लास्टर निघायच्या आधीच त्या गेल्या. विमानतळावर त्यांनी मला आणि मुलीला जवळ घेतलं. तो पायाशी वाकला तेव्हा सासूबाई व्हीलचेअर ढकलायला आलेल्या माणसाला "चला" म्हणाल्या, मराठीतच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने रेडिओला फोन लावून सांगितलं की आई आपणहून परत गेली, तिला पटलं. सूत्रसंचालक म्हणाला, या बाईचा पुतळा उभारायला हवा.

त्याची स्वतःची पाळी यायला फार वेळ लागला नाही. हिवाळ्यात घरांच्या किमतींवर विधान आलं. परदेशी इंजिनिअरना करात सवलत मिळते, त्या पैशांवर ते घरं उचलतात आणि आपली मुलं आईवडिलांच्या माळ्यावर झोपतात. नवरा त्या दिवशी घरून काम करत होता. वरच्या खोलीतून त्याने फोन लावला. मी आणि मुलगी खाली होतो. त्याचा आवाज आधी जिन्यावरून यायचा आणि काही क्षणांनी तोच आवाज रेडिओतून.

"विधान पटतं," तो म्हणाला. "आपण आता हे थांबवायला हवं."

"एक मिनिट," सूत्रसंचालक म्हणाला. "तुमचं स्वतःचं घर आहे?"

"हो."

"सवलत घेतलीत?"

"ती कायदेशीर होती."

"म्हणजे घेतलीत. आणि आता आपण थांबवायचं. आपण म्हणजे कोण?"

डचमध्ये 'आपण' आणि 'आम्ही' यांना एकच शब्द आहे. इतकी वर्षं हा तो शब्द वापरत होता आणि त्यात आपण धरलेले आहोत असं समजत होता. त्याने अडखळत पुन्हा तोच शब्द उच्चारला. सूत्रसंचालकाने तो त्याच्या उच्चारात, त्याच्या हेलात परत म्हणून दाखवला. स्टुडिओतलं आणखी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसऱ्या लाइनवर एक बाई आली. तिची मुलगी तिशीची, अजून घर नाही. ती म्हणाली, "साहेब, तुम्ही खरंच आमच्या बाजूचे असाल तर घर विका आणि जा. तुमच्या आईला जमलं, तुम्हालाही जमेल."

"पण मी तुमच्याच—" जिन्यावरून आवाज आला. रेडिओत ते वाक्य आलंच नाही. त्यांनी त्याआधीच लाइन तोडली होती. वरती तो आणखी थोडा वेळ बोलत राहिला.

मला वाईट वाटलं असं मी लिहिलं तर ते खोटं ठरेल. उलट माझा जीव थंड झाला. मुलगी मात्र उठली, पाण्याचा ग्लास भरला आणि वर नेऊन दिला. खाली येऊन म्हणाली, "तो म्हणतो, नेटवर्क गेलं."

त्यानंतर त्याने बरेचदा फोन लावला. कुणी घेतला नाही. कार्यक्रमाला नवा भारतीय मिळाला होता, द हेगचा कुणीतरी, याच्यापेक्षा चांगलं डच बोलणारा. सासूबाई रविवारी फोनवर माझ्याशी बोलतात, नातीशी बोलतात. त्याने फोन घेतला की "इकडे ऊन फार आहे" म्हणतात आणि ठेवतात.

निवडणूक आली तेव्हा त्याच्याकडे लाल डच पासपोर्ट होता. मी माझा निळा भारतीयच ठेवलाय. मत द्यायला तो गावातल्या व्यायामशाळेत गेला, आम्ही मायलेकी बाहेर आमच्या सायकली धरून उभ्या होतो. इथे अजून लाल पेन्सिलीने कागदावर खूण करतात. बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटाला थोडा लाल रंग लागला होता. मी विचारलं नाही, पण त्याने स्वतःच पक्षाचं नाव सांगितलं. रेडिओवरच्या त्या बाईचा जो पक्ष असेल, तोच.

"त्यांनी तुला सगळ्यांदेखत हाकललं," मी म्हणाले.

"मला नाही. मागून जे येतायत ना, त्यांच्याबद्दल बोलत होते ते."

"आणि तू?"

"मी आधी आलो," तो म्हणाला, आणि आपल्या सायकलचं कुलूप काढायला वाकला.