फ्लेक्सवरचा मजकूर

दादा गेला तेव्हा फ्लेक्सचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून. आमच्याकडे माणूस गेलं की दहाव्याच्या आत रस्त्यावर फ्लेक्स लागतोच.

मी लिहिलं, "आमचा दादा मानकोलीच्या रस्त्यावर खड्ड्यात बाईक आदळून मेला. खड्डा अजून तिथेच आहे. गाडी हळू चालवा."

काकांनी वाचून कागद माझ्या हातात परत दिला. "मेला काय, मेला? असं कुठं लिवतात काय? खाली साहेबांचा फोटो लावायचा हाय, त्यांना काय वाटंल?"

"काका, जे झालं तेच लिहिलंय. वर्गात मुलांना मी हेच शिकवते."

"ते शाळेत. हितं न्हाय चालत."

शेवटी फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरमधला तयार मजकूर काढला. आधारवड कोसळला. क्रूर काळाने घाला घातला. म्हणजे दादाला काळाने मारलं, खड्ड्याचं नावच नाही! खाली हात जोडलेले पुढारी. आणि फ्लेक्स बांधला तो नेमका त्या खड्ड्याजवळच्या खांबाला. शाळेत जाता-येता तो वाचून माझं डोकं फिरायचं.

पावसाळा सरायच्या आत त्याच खड्ड्याने आणखी एकाला नेलं आणि त्याच खांबाला दुसरा फ्लेक्स लागला. काळाचा घाला तोच, आधारवडही तोच. फोटोत मात्र नुकतं मिसरूड फुटलेलं पोर होतं.