लारूसीची पांढरी चादर

लारूसीचं इस्त्रीचं दुकान मशिदीमागच्या बोळात आहे, आणि दुकानात तो इतका हळू बोलतो की गिऱ्हाइकाला "काय म्हणालात?" असं दोनदा विचारावं लागतं. बायको दलंदा म्हणते, घरी तर तेवढंही नाही. आठवडाभर साठवलेला आवाज रविवारी दुपारी मैदानावर न्यायचा आणि एकदम ओतायचा, ही त्याची तेवीस वर्षांची रीत. आमच्या मोहल्ल्याच्या 'वफा' फुटबॉल क्लबचा तो प्रशिक्षक. सामना जिंकला तर मैदानाच्या भिंतीला टेकून पुदिन्याचा चहा, हरला तर तोच चहा, पण कुणी शेजारी बसत नाही.

आता गावातले बाकीचे प्रशिक्षक बघा. बंदरवाल्यांचा तो सुटाबुटात येतो आणि नव्वद मिनिटं वहीत बाण काढत बसतो. रेल्वेवाल्यांचा तो सामन्याआधी पोरांना गोल उभं करून आपल्या मेलेल्या वडिलांची गोष्ट सांगतो आणि सगळ्यांना रडवतो. वडील अजून चांगले धडधाकट आहेत, रोज चौकात पत्ते खेळतात. लारूसीकडे ना वही, ना गोष्ट. त्याच्याकडे प्रत्येक खेळाडूसाठी एक वाक्य आहे. एकच, पण बरोबर वर्मावर बसणारं.

निझार बेकरीत कामाला. तो पाय ओढायला लागला की लारूसी ओरडणार, "निझाऽर, भट्टीत पाव जळतोय!" की निघालाच तो. बचाव सांभाळणारा हम्दी म्हणजे हा एवढा डोंगर, पण जरा आवाज चढवला की रुसून बसतो. म्हणून त्याला, "हम्दी, जेवलास का रे बाबा?" एवढंच, आणि तेही लाडात. गोलकीपर गाझीचा साखरपुडा होऊन चार वर्षं झाली. होणारा सासरा लग्नाची तारीख काही देत नाही. त्याला म्हणायचं, "गाझीऽ, सासरा बघतोय!" सासरा गुडघे धरून घरी पडलेला असतो, मैदानावर कधी फिरकत नाही, हे गाझीला पक्कं ठाऊक. तरी उडी मारतोच.

ही वाक्यं मैदानाच्या भिंतीआड राहतात असं थोडंच आहे? आसपासच्या चार गल्ल्यांत बायका मटार सोलता सोलता ती ऐकतात.

तर झालं असं, की मे महिन्यात, शेवटून दुसऱ्या सामन्यात, लाइनमनने एक चुकीचा ऑफसाइड दिला. लारूसी त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "साहेब, तुमचा झेंडा फार चुरगळलाय. उद्या दुकानात आणा, इस्त्री करून देतो. डोकंही आणा, जमलं तर तेही करतो." मैदान हसून लोळलं. लाइनमन काही हसला नाही. लारूसीवर एका सामन्याची बंदी आली: बेंचवर बसायचं नाही, मैदानाच्या आवारात पाऊल टाकायचं नाही.

आणि तो एक सामना म्हणजे मोसमातला शेवटचा, बंदरवाल्यांशी. बरोबरी झाली तरी 'वफा' दुसऱ्या विभागात टिकणार होता. हरला की तिसऱ्यात. क्लबचे अध्यक्ष सी हमूदा ('सी' म्हणजे आमच्याकडचं 'साहेब') दुकानात आले, आपला जुब्बा इस्त्रीला टाकला आणि जाता जाता म्हणाले, "लारूसी, खाली घसरलो तर मंडळी तुझ्या जागी वहीवाला माणूस आणायचं म्हणतायत. मी काही बोलणार नाही, तुला तर माहीतच आहे माझं."

लारूसीला माहीत होतं. सी हमूदा कधीच काही बोलत नाहीत.

त्या रात्री इस्त्री करताना त्याच्या हातून जुब्ब्याच्या बाहीवर पहिल्यांदाच चुकून दोन घड्या पडल्या.

मैदानात पाऊल टाकायचं नाही, पण मैदान दिसू नये असं कुठे लिहिलं होतं? मैदान बरोब्बर खाली दिसेल अशी एकच गच्ची आमच्या मोहल्ल्यात आहे. ती आहे लल्ला खद्दूजा यांची; मोठ्या बाईला आम्ही आदराने 'लल्ला' म्हणतो. लल्ला खद्दूजा म्हणजे दलंदाची आई, म्हणजे लारूसीची सासू. आणि सासू-जावई अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी धाकट्या मुलीच्या लग्नासाठी लल्ला खद्दूजांनी गच्चीवर वर्षभराचा कुसकुस, म्हणजे रव्याचे हाताने वळलेले दाणे, करून चादरींवर वाळत घातला होता. चार बायका, तीन दिवसांचं काम. सरावात कुणीतरी मारलेला बॉल आला आणि सगळ्यात मोठ्या चादरीच्या मधोमध पडला. दाणे उडाले ते शेजारच्या अंजिराच्या झाडापर्यंत. लारूसी धावत जिना चढून वर आला, सासूकडे बघितलं, कुसकुसाकडे बघितलंच नाही, आणि विचारलं, "बॉल फुटला नाही ना?"

लल्ला खद्दूजांनी सुरी आणली आणि तो फोडून दाखवला. तेव्हापासून अबोला. ईदला लारूसी त्यांच्या कपाळाचं चुंबन घ्यायचा, आणि तो समोरच उभा असताना त्या दलंदाला सांगायच्या, "तुझ्या नवऱ्याला सांग, ईद मुबारक."

शनिवारी लारूसी सासूच्या दारात उभा राहिला. पुढे दलंदा, मागे तो, हातात बदामाच्या वड्यांचा डबा.

"आई, हे काय म्हणतायत..." दलंदाने सुरुवात केली.

"काय म्हणतायत ते सगळ्या गल्लीला माहीत आहे," लल्ला खद्दूजा म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला सांग, गच्चीवर ये म्हणावं. पण माझ्या गच्चीवर तोंड उघडायचं नाही. एक शब्द ओरडलास तर जिना आहेच खाली जायला."

वाक्य दलंदाला सुरू झालं आणि लारूसीला संपलं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. लारूसीने मात्र मान हलवली आणि वचन दिलं.

पण ओरडायचं नाही तर पोरांना सांगायचं कसं? इस्त्रीवाल्याला सुचणार ते कपड्यातलंच. त्याने पोरांना दुकानात बोलावून सांगितलं, "लल्लांच्या दोरीकडे बघा. पांढरं दिसलं की मागे राहायचं, आपलं दार सांभाळायचं. लाल दिसलं की सगळ्यांनी पुढे."

"सगळ्यांनी म्हणजे मीही?" गाझीने विचारलं.

"लाल दिसलं तर तूही. पण लाल दिसणार नाही. बरोबरी पुरते आपल्याला."

रविवारी दुपारी दुकानातली सगळ्यात मोठी पांढरी चादर काखेत मारून तो गच्चीवर चढला आणि ती पुढच्या दोरीवर ताणून घातली. मागच्या दोरीवर सासूबाईंचं काहीतरी जाडजूड वाळत होतं. पडद्यामागे काय आहे ते कोण बघतो? मे महिन्यात अख्खा गाव हिवाळ्याची लोकरीची पांघरुणं धुतो, हे धुलाईच्या धंद्यातल्या माणसाच्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं.

खाली बेंचमागे संघटनेचा एक निरीक्षक खुर्ची टाकून बसला होता, लारूसी कुठून फोनबिन करतो का ते बघायला. त्याने गच्चीकडे बघितलं. गच्चीवर एक माणूस, एक म्हातारी आणि एक चादर. चादरीला कोण काय बोलणार?

पंच्याऐंशी मिनिटं 'वफा'ने चादर पाळली. बंदरवाले आपटून आपटून थकले. लारूसी कठड्याला धरून उभा होता; ओठ आतून चावून चावून सुजले होते. निझार मध्येच पाय ओढायला लागला तेव्हा लारूसीच्या गळ्यातून एक बारीक शिटीसारखा आवाज आला.

"अं?" लल्ला खद्दूजांनी विचारलं.

लारूसीने खोकला आला असं दाखवलं.

शून्य-शून्य. पाच मिनिटं राहिली. निझारने एक बॉल पळवला आणि बंदरवाल्यांच्या पायाला लागून तो बाहेर गेला. 'वफा'ला कॉर्नर मिळाला. आणि नेमक्या त्याच वेळी लल्ला खद्दूजा उठल्या, चादरीला हात लावून बघितला आणि चिमटे काढायला लागल्या.

"लल्ला," लारूसी कुजबुजला, "चादर! राहू दे चादर!"

"वाळली. वाळलेली चादर उन्हात ठेवली की पिवळी पडते."

हे वाक्य लारूसी स्वतः रोज गिऱ्हाइकांना ऐकवतो. चादर खाली आली, आणि तिच्या मागून लल्ला खद्दूजांचं लग्नातलं लोकरीचं पांघरूण उन्हात लखलखलं. लाल. डाळिंबासारखं लाल.

"लाऽल!" खाली निझार ओरडला. "लाल आहे रे! चला!"

सगळे गेले. हम्दी गेला. गाझी आपले हातमोजे नीट करत, मांडवात निघाल्यासारखा, गोल सोडून गेला. लारूसी दोन्ही हातांनी मागे, मागे करत होता, पण वर बघायला आता कुणाला वेळ होता? कॉर्नर आला, बंदरवाल्यांच्या एकाने डोक्याने बाहेर काढला, दुसऱ्याने पळवला. समोर मैदान रिकामं, आणि त्याच्या टोकाला रिकामा गोल.

लारूसीने तोंड उघडलं. मग दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. तेवीस वर्षं आणि वहीवाला माणूस, सगळं त्या दोन तळहातांच्या आत गच्च भरलं होतं.

आणि त्याच्या कानाशी तोफ उडाली.

"गाझीऽऽऽ! सासरा बघतोय रे तुझा!"

लल्ला खद्दूजा चादर छातीशी धरून कठड्यावर ओणवल्या होत्या. "हम्दी, बाळा, जेवलास का? धाव! निझाऽर, भट्टीत पाव जळतोय, गाढवा!"

अकरा वर्षं रविवारी दुपारी ही बाई या गच्चीवर मटार सोलत होती. एक वाक्य चुकलं नाही.

गाझी अर्ध्या वाटेवर होता. आवाज ऐकताच तो वळला आणि असा धावला, की सासऱ्याने खरंच बघितलं असतं तर तारीख त्याच संध्याकाळी दिली असती. बंदरवाल्याने लांबूनच बॉल ढकलला. तो सावकाश, खात्रीने गोलकडे चालला होता. गाझी रेषेवर पोचला, घसरला आणि पायाने जे काही सापडलं ते आभाळात भिरकावलं. बॉल वर गेला, आणखी वर गेला, आणि धप्पकन लल्ला खद्दूजांच्या गच्चीवर, त्या लाल पांघरुणाच्या पोटात येऊन आदळला. दोरी तुटली. पांघरूण खाली पडलं आणि सासूबाई त्याच्याखाली.

मग उरलेली चार मिनिटं लारूसीने बघितलीच नाहीत. तो गुडघ्यांवर बसून लोकर उपसत होता.

"लल्ला! लागलं नाही ना? हात बघू. डोकं? डोक्याला लागलं का?"

आतून आधी पांढरे केस बाहेर आले, मग चष्मा, तोही वाकडा. खाली शिट्टी वाजली, तीनदा. मैदानातून जो आवाज उठला त्यावरून बरोबरी टिकली, 'वफा' वाचला, हे आमच्या गल्लीत कुणाला विचारावं लागलं नाही. लारूसी जमिनीवर बसला आणि असा सुस्कारा सोडला, की लल्ला खद्दूजांनी चष्मा नीट करून त्याच्याकडे बघितलं.

"काय हो जावईबापू," त्या म्हणाल्या. अकरा वर्षांनी पहिलं सरळ वाक्य. "बॉल फुटला नाही ना?"

लारूसी हसायला लागला. हसता हसता रडला, म्हणजे लल्ला सांगतात तसं; तो स्वतः म्हणतो, लोकर डोळ्यांत गेली.

एवढ्यात खालून निरीक्षक ओरडला, "गच्चीवरून कोण बोललं? सूचना कुणी दिल्या?"

लल्ला खद्दूजा कठड्याशी गेल्या. "मी बोलले. माझी गच्ची, माझं तोंड. कार्ड दाखवायचंय का मला? या वर, जिना आहे. बदामाच्या वड्याही आहेत."

निरीक्षकाने वर बघितलं, मग वहीत बघितलं. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

बॉल त्या रात्री परत गेला नाही. लल्लांनी तो कोनाड्यात ठेवला, अजून तिथेच आहे. पांढरी चादर मात्र धुळीत पडली होती. सासू एका टोकाला आणि जावई दुसऱ्या टोकाला, दोघांनी ती झटकली, ताणली, कोपऱ्याला कोपरा लावला.

"तुझा कोपरा सुटतोय," लल्ला म्हणाल्या.

"नाही सुटत," लारूसी म्हणाला, इतकं हळू की त्यांना "काय म्हणालास?" असं विचारावं लागलं.