आमच्या साडूंची बिअर

आमच्या साडूंशी ज्याचा संबंध आला, तो माणूस या जन्मात निवृत्त होऊ शकत नाही. मी बँकेतून रीतसर सुटलो, शाल-नारळ घेतला आणि रोज दुपारी दोन तास आडवं पडायचं एवढी एकच महत्त्वाकांक्षा घेऊन घरी आलो. तेवढ्यात साडूंचा फोन. "अहो, आता मोकळेच आहात ना?" या प्रश्नाला सुटका होईल असं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. तेव्हापासून मी धायरीच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये सातूची पोती उचलली आहेत, स्टीलच्या टाक्या घासल्या आहेत, परवान्याच्या कागदांच्या झेरॉक्सा काढून काढून त्या दुकानदाराचा घरचा माणूस झालो आहे. कशासाठी, तर बिअर काढण्यासाठी! आमच्या वडिलांसमोर हा शब्द उच्चारायची माझी छाती नव्हती. दमलो हो मी. अगदी खरं सांगतो, दमलो.

साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी हयात त्यांनी शहराचं पाणी तपासण्याच्या नोकरीत घालवली आणि त्यांची जीभ तिथेच कायमची कामाला लागली. कुठल्याही लग्नात ताटावर बसले की आधी पाण्याचा घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "टँकर." किंवा "बोअरचं. वाटलंच." माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांनी हात जोडून विचारलं, "जेवण कसं झालं?" साडू म्हणाले, "क्षार जास्त आहेत." व्याही आजही मला भेटले की त्या क्षारांची चौकशी करतात. चहा दिवसातून दोनदा, बाकी पाणी. दारूचा थेंब त्यांनी कधी तोंडात घेतला नव्हता. सुपारीसुद्धा नाही. अशा माणसाने बिअर काढावी यात काही विसंगती आहे, हे त्यांना कधी पटलं नाही. "बिअरमध्ये पाण्याशिवाय असतं काय?" असं म्हणून ते आपल्यालाच गप्प बसवत.

या सगळ्याचं मूळ त्यांची एकुलती एक लेक, मुक्ता. खराडीत एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसायची आणि शनिवार-रविवार घरच्या बाथरूममध्ये बादलीत बिअर लावायची. एकदा ताईंनी, म्हणजे तिच्या आईने, ती बुडबुडणारी बादली पाहिली आणि अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. साडूंनी मात्र वाकून वास घेतला आणि विचारलं, "पाणी उकळून गार केलं होतंस का?" पोरीने हो म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाले आणि पेपर वाचायला गेले.

पुढे मुक्ताला बंगलोरच्या एका बिअरवाल्यांनी नोकरी देऊ केली. खराडी सोडायला ती एका पायावर तयार होती. "जाऊ नकोस" म्हणायला दोन शब्द पुरतात, पण आमचे साडू ते म्हणतील तर शपथ! त्याऐवजी ते माझ्याकडे आले, पाण्याचा घोट घेतला, निकाल दिला नाही (तेव्हाच मला धास्ती वाटायला हवी होती) आणि म्हणाले, "तिला इथेच बिअरची शेड काढून दिली तर? मग कशाला जाईल?" मुक्ताने बंगलोरवाल्यांकडून मुदत मागून घेतली. पहिली बिअर लोकांपुढे येऊ दे, मग ठरवते, म्हणाली. एका पोरीला घरात ठेवण्यासाठी हा माणूस अख्खा कारखाना उभा करायला निघाला होता, आणि पोती मी उचलत होतो.

ताईंनी संमती दिली, पण एका अटीवर. त्यांच्या स्वयंपाकघराचा एक नियम आहे. वाढेपर्यंत पदार्थ चाखायचा नाही. चाखलेलं ते उष्टं, आणि उष्टं लोकांच्या पुढे ठेवायचं नाही. मीठ त्या वासावरून ओळखतात आणि चाळीस वर्षांत त्यांची आमटी एकदाही चुकलेली नाही. "घरचा धंदा ना? मग घरचे नियम," त्या म्हणाल्या. मुक्ता कळवळून सांगत होती, "आई, अगं बिअर चाखत चाखतच करतात!" पण साडूंनी आयुष्यात बायकोशी एकही वाद जिंकलेला नाही, आणि पोरगी राहतेय तेवढ्यात नवा वाद कुणाला हवा होता? शिवाय त्यांचा मीटरवर गाढ विश्वास. "तापमान कळतं, घनता कळते, आम्लता कळते. जिभेचं काम काय?"

आता पहिल्या घाण्याच्या दिवशी काय झालं ते ऐका. बिअरला कडूपणा यावा म्हणून उकळीत हॉप्स नावाची वाळकी फुलं घालतात. मुक्ताने ती मोजून घातली आणि फोन आला म्हणून बाहेर गेली. साडूंनी भिंतीवर एक तक्ता लावला होता, काम झालं की खूण करायची. फुलांपुढे खूण नव्हती. तक्त्यावर नाही म्हणजे झालंच नाही, अशा शिस्तीत वाढलेला हा माणूस. त्यांनी फुलं घातली, खूण केली आणि टाक्यांचे आकडे बघायला गेले. मागून ताई आल्या. पाकीट उघडं आणि तळाशी थोडी फुलं उरलेली. "सगळं अर्धवट टाकायची सवयच आहे या मुलीला," असं पुटपुटत त्यांनी पाकीट झटकून रिकामं केलं. चाखायचं कुणी नव्हतंच. मीटर सगळे आकडे उत्तम दाखवत होते. कडू किती झालंय ते सांगणारा मीटर आमच्याकडे नव्हता.

उद्घाटनाला सोसायटीतले, नात्यातले, मुक्ताचे खराडीचे मित्र, सगळे जमले. पहिला घोट घेतला आणि सगळ्यांचे ग्लास एकदम ओठांपासून दूर झाले. आमच्या एका मामांनी ग्लास अलगद खाली ठेवून विचारलं, "हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?" शेजारचे म्हणाले, "जंतावर उत्तम असणार." खराडीची मुलं घशाशी हात नेऊन "इंटरेस्टिंग आहे, काका" एवढंच म्हणाली. मुक्ता पांढरीफटक. तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं, बंगलोर. साडूंनाही दिसलं असणार. त्यांनी सरळ एक ग्लास उचलला, आयुष्यातला पहिला, आणि घटाघटा रिकामा केला. तोंड असं झालं की मला धावत जावंसं वाटलं. मग ओठ पुसून म्हणाले, "पाणी चांगलं आहे."

कुणी हसलं नाही. तेव्हा ताई उठल्या. त्यांनी नळाखाली पळी धरली आणि त्या बाईने, जिने सासूबाईंच्या श्राद्धाची खीरसुद्धा आधी चाखली नव्हती, सगळ्यांदेखत चाखलं. "फुलं तीनदा पडलीत," म्हणाल्या, "आणि शेवटची माझ्या हातची. मुक्ता, तुझं काही चुकलेलं नाही. हे ओतून टाका. आपण दुसरी लावू, आणि मी चाखेन." पोरगी तिथेच आईच्या गळ्यात पडून रडली. माझेही डोळे भरून आले, पण टाकी ओतून घासायची कुणी हा प्रश्न तेवढ्यात समोर आला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसरी बिअर छान झाली. तिसरी त्याहून छान. ताईंना अशी चव कळू लागली की मुक्ताने एके दिवशी करणं, चाखणं, सगळं त्यांच्यावर सोपवलं. मला वाटलं, चला, साडू जिंकले! आता शनिवारी शेडमध्ये टेबल मिळत नाही. आणि गेल्या महिन्यात मुक्ता बंगलोरला गेली. रडारड नाही, भांडण नाही. "आता तुमचं नीट चाललंय, बाबा. मला काळजी नाही," म्हणाली, पाया पडली आणि गेली.

परवा मी शेडवर गेलो तर ताई आत उकळी बघत होत्या आणि साडू बाहेर बाकावर बसले होते. मला बघून नेहमीसारखं काम सांगितलं नाही. रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "अहो, बिघडली असती ना पुन्हा एकदोनदा, तर थांबली असती ती. आम्हाला असं टाकून गेली नसती."

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसलो. आतून ताईंनी हाक मारली, "कडू बरोबर आहे हो!" साडू "छान, छान" म्हणाले आणि तिथेच बसून राहिले.