वॉर्डातली पाचवी

कडावच्या मोतीबाई कोणाला काही देत, ते ओरडून देत. भाताची झोडणी संपली की त्यांच्या खळ्यावर न्हावी, सुतार, लग्नात धवले गाणारी धवलारीण असे सगळे आपापला वाटा न्यायला येत. मोतीबाई सुपानं भात ओतत आणि प्रत्येकाचं नाव घेत. "हा गजा न्हाव्याचा. बघा रं, शीग लावून दिलाय." शेजारच्या खळ्यावरची माणसंसुद्धा मान वर करून बघत.

त्यांचा नवरा चांगोबा कधीकधी वैतागायचा. "देतेस तर दे गं. दवंडी कशाला पिटतेस?"

"हकाचं हाय त्याच्या," मोतीबाई म्हणत. "लपवून द्यायला मी काय चोरी केलीय?"

आमचं घर त्यांच्या घराला लागून. पुढे मी खोपोलीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी भोंगा झाला आणि मला आधी मोतीबाई आठवल्या.

त्यांच्या दवाखान्यातल्या पाचवीची गोष्ट अजूनही आमच्याकडे बारशाला निघते. साल अडुसष्ट असावं. त्यांची लेक सोनू बाळंतपणाला माहेरी आली होती. सोनूचं पहिलं मूल घरीच अडलं आणि गेलं होतं. तेव्हा या खेपेला गावच्या सुईणीनं, अंबूबाईनं, स्वतःच सांगितलं, "मोते, मी हात लावायची नाय. सरकारी दवाखान्यात ने." दवाखान्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तो काळच तसा होता, पुढे येतंय तसं बऱ्याच ठिकाणी चाले.

मुलगा झाला. सोनूला टाके पडले, अंगात कसर होती. डॉक्टर नवा, तरुण होता. आठवडाभर तरी हलवायचं नाही म्हणाला. मोतीबाईंच्या मनात एकच होतं, लेक आणि नातू दोघंही धडधाकट घरी आले पाहिजेत.

आता वॉर्डात डॉक्टर यायचा सकाळी एकदा. बाकी सगळं राज्य आयाबाईचं, धोंडूबाईचं. गरम पाणी तिच्या हातात, धुतलेली चादर तिच्या हातात, आणि बाळही आधी तिच्याच हातात. बाळाला दुपट्यात गुंडाळून ती दारात उभी राहिली.

"मुलगा झालाय म्हातारे. खुशी काढ, मग मांडीवर देते."

"देनार की बाय," मोतीबाई म्हणाल्या. "तुजा हकच हाय. पाचवीला देईन. लुगडं, चोळीचा खण, नारळ, सूपभर तांदूळ."

धोंडूबाई जरा थबकली. बाकीच्या बायका रुपया-दोन रुपये पदराआडून सरकवायच्या, त्याही कुरकुरत. ही तर न मागता लुगड्यावर आली. तिनं बाळ लगेच मोतीबाईंच्या मांडीवर दिलं.

खरी गंमत इथेच होती. मोतीबाईंना लाच म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. त्यांच्या हिशेबी बाळाला पहिला हात लावते ती सुईण. सुईणीला पाचवीच्या पूजेला पाटावर बसवून, चारचौघींत नाव घेऊन मान द्यायचा. दवाखान्यातली सुईण जरा उतावळी आहे, आधीच मागते, एवढंच त्यांना वाटलं.

लुगड्याच्या आशेनं धोंडूबाईनं सोनूची बडदास्त ठेवली. पाणी वेळेवर, चादर रोज. शेजारच्या खाटेवर शेलूच्या मोरूची बायको, हिराबाई, होती. ती म्हणायची, "आमी रोकडे दिले तरी पानी गार, आनि तुमाला उधारीवर गरम."

पाचवीच्या दिवशी भेटीच्या वेळेला मोतीबाई आल्या, पण एकट्या नाहीत. पाच सवाशिणी, डोक्यावर पाटा-वरवंटा, सुपात तांदूळ, वर हिरवं लुगडं आणि नारळ. फाटकापासूनच गाणी सुरू. शिपाई अडवायला गेला, तर एकीनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि सगळ्या आत.

धोंडूबाई पळत आली. "अगं मावशे, हळू. ते मागच्या दाराला घेऊन चल. तिथं दे."

"मागच्या दाराला?" मोतीबाईंचा आवाज खळ्यावरचा लागला. "सुईनीचा मान मागच्या दाराला? कुनी ऐकलं तर काय म्हनंल गं? बस पाटावर."

दोन खाटांच्या मधे पाट मांडला गेला. धोंडूबाईला दोघींनी खांद्याला धरून बसवलं. आणि गाण्यांच्या आवाजानं डॉक्टर आपल्या खोलीतून बाहेर आला.

"हे काय चाललंय?"

"पाचवी हाय साहेब," मोतीबाई म्हणाल्या. "ही आमची सुईन. बाळ मांडीवर देताना हिनं मागितलं, तवा मी बोलले, पाचवीला देईन. ते द्यायला आलोय."

धोंडूबाई पाटाकडे बघत होती.

"बाळ देताना मागितलं?" डॉक्टरनं विचारलं.

मोतीबाईंना वाटलं, साहेब रुसला. त्यांनी सुपातला दुसरा नारळ काढून त्याच्यापुढे धरला. "तुमचाबी हाय की. तुमाला कसं इसरू?"

हिराबाईला हसू आवरेना. हसताहसताच ती बोलून गेली, "साहेब, मान यांचाच होतो. आमच्याकडनं रोकडे घेतले आनि आमाला गानं पन नाय."

मोतीबाईंनी वळून धोंडूबाईकडे पाहिलं. "हिच्याकडनं पैसं घेतलंस? मग हिच्या पाचवीला का नाय गेलीस? सुईन हात पसरत नाय गं बाय. तिच्या पुढ्यात ठेवायचं असतं. आनि एकदा घेतलं की ते पोर जन्मभराचं तिचं असतं."

डॉक्टरनं धोंडूबाईला आपल्या खोलीत यायला सांगितलं. मोतीबाई मागोमाग गेल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "साहेब, हिला कामावरनं काढू नका. माजी लेक हिनं सांबाळलीय."

डॉक्टरनं दोघींकडे पाहिलं. "ज्याचे पैसे त्याला आजच परत करा," तो धोंडूबाईला म्हणाला. "पुन्हा ऐकलं तर मला वर कळवावं लागेल. लुगडं मात्र घ्या. ते सगळ्यांसमोर देताना मी पाहिलंय."

मोतीबाई खुशीत घरी आल्या. ओटीवर चांगोबा तंबाखू मळत होता. सगळं ऐकून त्यानं तंबाखू बाजूला ठेवली.

"अगं, ती खाऊ होती. लाच घेत होती. सगळ्यांसमोर तिचं नाक कापलंस, आनि लेक अजून तिच्याच हातात हाय."

मोतीबाई खाली बसल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. सकाळी पहिल्या एस.टी.नं निघाल्या, ते गार पाणी, मळकी चादर, रडून निळं झालेलं पोर डोळ्यांपुढे आणतच. वॉर्डात शिरल्या तर सोनूच्या खाटेवर बाळ नव्हतं. सोनू शांत झोपली होती, चादर पांढरी स्वच्छ.

धोंडूबाई मोरीपाशी पाय पसरून बसली होती. पायांवर बाळ उताणं, आणि ती त्याला तेल चोळत होती. अंगावर हिरवं लुगडं.

"धोंडूबाय, मला काय माहीत नवतं गं—"

"गप बस," धोंडूबाई मान वर न करता म्हणाली. "नोकरीला लागून इतकी वर्षं झाली. सगळ्यांनी नखानं ढकलल्यासारखे पैसे दिले. पाटावर तू बसवलंस. आता पोर माझं म्हणालीस ना? मग मला चोळू दे. आणि त्या हिराबाईला सांग, तिच्या पोरीलाही अंघोळ घातलीय. वर हसायचं काम नाही म्हणावं."

हिराबाई चादरीत तोंड खुपसून हसतच होती.

सोनू आणि बाळ सुखरूप घरी आले. बारशाला धोंडूबाई आली, स्वतः शिवलेलं टोपडं घेऊन. त्यानंतर कडावची कुठलीही बाई त्या दवाखान्यात गेली की धोंडूबाई तिला आधीच बजावायची, "मला काही नको. फक्त मोतीबाईला पाचवी इथं करू देऊ नका."

पण मोतीबाई ऐकणाऱ्या नव्हत्या. सुगीला खळ्यावर गजा न्हाव्याच्या सुपानंतर आणखी एक सूप भरलं जाई, आणि शेजारच्या खळ्यापर्यंत ऐकू जाई, "हा दवाखान्यातल्या धोंडूबाईचा."