मांगं जाय

ठेल्यावर प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारीचा खर्रा घोटल्याची करकर ऐकू आली, चुना-तंबाखूचा वास आला, की मी आजही रस्ता बदलते.

ऐंशीच्या दशकाची अखेर. चंद्रपूरला खाणीच्या ड्रॉइंग ऑफिसात नुकताच कॉम्प्युटर आला होता. एकेका रेषेसाठी इंग्रजी हुकूम टाइप करताना जीव जायचा. कॉम्प्युटरला एक पाटी जोडलेली होती. तिच्यावर पेन टेकवला की काम व्हायचं. मी पाटीवर जाड पारदर्शक प्लास्टिक पसरलं, शाईने चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनाला एक हुकूम जोडून दिला. नावं आमच्याच बोलीतली: 'खांब काढ', 'पुसून टाक', आणि चुकलं तर 'मांगं जाय'.

जन्मभर हाताने नकाशे काढलेले, कॉम्प्युटरला हातही न लावणारे दौलतभाऊ पेन टेकवून खदखदून हसले. "बाई, हे तं मले समजून राह्यलं!"

तेवढ्यात नागपूरचे साहेब तपासणीला आले. त्यांनी चौकोन वाचले आणि नाक मुरडलं.

"हे काय गावंढळ लिहून ठेवलंय? ऑफिस आहे की बाजार?"

दौलतभाऊंनी पेन खाली ठेवला. तेव्हा मला माझ्याच बोलीची लाज वाटली होती. आता त्या साहेबाचीच किळस येते.

साहेबांनी प्लास्टिक ओढून काढलं, खिशातल्या फाटक्या पुडीतला खर्रा त्यावर ओतला आणि तळव्याने घोटायला लागले. ओल्या चुन्यात माझी अक्षरं विरघळत गेली. शेवटी उरलं 'मांगं जाय'. तेही घोटून पुसलं, आणि शाई लागलेला तो खर्रा त्यांनी चिमटीत धरून तोंडात टाकला.